टेक्सासात मॅन्युफॅक्चर्ड होम घेताना: आधी जमीन, मग लेबल, मग कागद

शहराबाहेर एक-दोन एकर घेऊन त्यावर कारखान्यात बनलेलं घर आणून ठेवायचा बेत असेल, तर घराचा रंग ठरवण्याआधी जमिनीचे कागद वाचा. टेक्सासात काउंटीला (जिल्हा प्रशासनाला) सहसा झोनिंगचा, म्हणजे कुठे काय बांधता येईल ते ठरवण्याचा, अधिकार नसतो. त्यामुळे लोक निर्धास्त राहतात आणि डीड रिस्ट्रिक्शनमध्ये अडकतात. प्लॉट पाडणाऱ्याने कधीकाळी काउंटी क्लार्ककडे ‘मॅन्युफॅक्चर्ड होम चालणार नाही’ असं कलम नोंदवून ठेवलेलं असेल, तर शेजारी कोर्टात जाऊन घर हटवायला लावू शकतो. टायटल कंपनीकडून (जमिनीची मालकी तपासणाऱ्या कंपनीकडून) ही कलमं मागवा आणि बयाणा देण्याआधी वाचा. जागा शहराच्या हद्दीत असेल तर महापालिकेचं झोनिंगही बघावं लागतं.

जमिनीचं ठरलं की सेप्टिकचा परवाना. तो बेडरूमच्या संख्येवर आणि मातीवर अवलंबून असतो, म्हणून घराचा नकाशा हातात ठेवूनच अर्ज करा. सोबत पूरक्षेत्राची विचारणा काउंटीच्या फ्लडप्लेन अधिकाऱ्याकडे.

जुनं घर घेत असाल तर लाल लेबल आधी शोधा. १५ जून १९७६ पासून हडचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याचा, बांधणीचा कोड लागू झाला. त्याआधी बनलेल्या घराला टेक्सासचा कायदा ‘मोबाइल होम’ म्हणतो. ते शहरं हद्दीत येऊ देत नाहीत असा अनुभव येतो आणि एफएचएचं (केंद्र सरकारच्या हमीचं) कर्ज त्यावर मिळत नाही. किंमत कितीही कमी असली तरी असं घर टाळलेलं बरं. लेबल म्हणजे रिव्हेट मारलेली धातूची छोटी पट्टी. ती घर ओढायच्या हुकाच्या विरुद्ध टोकाला, बाहेरच्या भिंतीवर, जमिनीच्या पातळीपासून नव्हे तर घराच्या फ्लोअरपासून साधारण फूटभर वर असते. डबल-वाइडला (दोन भाग जोडून होणाऱ्या घराला) दोन लेबलं हवीत, प्रत्येक भागाला एक. नवी साइडिंग लावताना ही पट्टी बहुतेकदा झाकली जाते किंवा उखडून कचऱ्यात जाते. हड दुसरी देत नाही. आयबीटीएस या संस्थेकडून लेबल पडताळणीचं पत्र मात्र मिळतं. त्यासाठी लागणारा सीरियल नंबर चेसिसच्या सर्वांत पुढच्या आडव्या लोखंडावर ठोकलेला असतो.

घराच्या आतला डेटा प्लेट हा कागदही वाचा. बहुधा विजेच्या मुख्य पॅनेलजवळ किंवा ओट्याखालच्या कपाटात चिकटवलेला असतो. त्यावर विंड झोन, म्हणजे घर किती वाऱ्याच्या पट्ट्यासाठी बनवलं आहे, ते लिहिलेलं असतं. १ सप्टेंबर १९९७ पासून पुढे बनलेलं झोन एकचं घर गॅल्व्हेस्टनसारख्या झोन दोनच्या किनाऱ्यावर बसवता येत नाही, कितीही अँकर ठोकले तरी.

मालकीसाठी इथे ‘स्टेटमेंट ऑफ ओनरशिप’ असतं. ते टीडीएचसीए या राज्याच्या गृहनिर्माण खात्याचा मॅन्युफॅक्चर्ड हाउसिंग विभाग देतो आणि विक्रीपासून ६० दिवसांत अर्ज जायला हवा. नुसत्या बिल ऑफ सेलवर (विक्रीच्या कागदावर) पैसे मोजून मोकळे होऊ नका. आधी विभागाच्या नोंदीत लेबल नंबर टाकून थकलेला कर आणि बोजा तपासा, कारण तो घराला चिकटलेला असतो. अर्जात घर जंगम की स्थावर, हे निवडावं लागतं. जमीन तुमची असेल आणि स्थावर निवडलं, तर तेवढ्याने काम होत नाही: प्रमाणित प्रत ६० दिवसांत काउंटीत नोंदवली तरच घर स्थावर ठरतं. ही पायरी राहून जाते आणि विकताना किंवा रिफायनान्सच्या वेळी बाहेर येते.

घर बसवायला परवानाधारक इन्स्टॉलरच घ्या, आणि ट्रक येण्याआधी जागा तयार ठेवा:

- पहिल्या १० फुटांत दर फुटाला अर्धा इंच उतार, घरापासून बाहेर.
- मुख्य फ्रेमखाली किमान १२ इंच मोकळी जागा.
- घराखालच्या जमिनीवर किमान ६ मिल (इंचाचे सहा हजारांश) जाडीचं प्लॅस्टिक, जोडाला १२ इंच आच्छादन.

पाणी घराखाली साचलं की घराला आधार देणाऱ्या खांबांखालची माती बसते, घर वाकतं. मग दारं घासतात, खिडक्या अडतात. ड्रायरची नळी स्कर्टिंगच्या (घराखालची जागा झाकणाऱ्या कडेच्या आवरणाच्या) बाहेर काढा, नाहीतर ओल आतच राहते. पुढे पोर्च किंवा कारपोर्ट जोडायचं असेल तर त्याचं वजन त्याच्याच खांबांवर घ्या. घराच्या भिंती तो भार धरण्यासाठी बनवलेल्या नसतात.