परदेशी क्लबचा करार हातात घेताना: अमेरिकेतील मराठी खेळाडूंसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

आमच्या मुलीला 2021 च्या उन्हाळ्यात जर्मनीतील दुसऱ्या श्रेणीच्या एका महिला बास्केटबॉल संघाकडून पहिला करार आला, तेव्हा त्यात पगाराचा आकडा ठळक छापलेला होता, पण तो कोणत्या तारखेला मिळणार याचा उल्लेख कुठेच नव्हता. आनंदाच्या भरात ते आम्हा दोघांनाही खटकले नाही. क्लब सचोटीचा असल्यामुळे त्या वर्षी पैसे वेळेवर आले. दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या देशात, तसे झाले नाही. चार हंगाम हे सारे जवळून पाहिल्यानंतर, आपल्या घरांतून या व्यवसायाकडे वळणाऱ्या मुलामुलींना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

अमेरिकेत वाढलेला चांगला खेळाडू परदेशात का जातो, याचे उत्तर साध्या गणितात आहे. महिलांच्या पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये साडेतीनशेहून अधिक संघ आहेत, तर अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे डब्ल्यूएनबीएमध्ये, 2025 साली 13 संघ होते आणि एका संघात जास्तीत जास्त बारा खेळाडू. म्हणजे साऱ्या देशात सुमारे दीडशे जागा. आमची मुलगी तर दुसऱ्या श्रेणीच्या महाविद्यालयाची गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारी खेळाडू, होती, त्यामुळे ड्राफ्टचा, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीचा, प्रश्नच नव्हता. परदेशी लीग म्हणजे हरलेल्यांची जागा, असा समज मात्र मनातून काढून टाकावा. काइल हाइन्स हा 198 सेंटिमीटर उंचीचा, आपल्या जागेसाठी बुटका समजला जाणारा खेळाडू 2008 मध्ये ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. त्याने इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतून सुरुवात केली आणि पुढे युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेची, युरोलीगची, चार विजेतेपदे मिळवली. पी. जे. टकर इस्राएल, युक्रेन, ग्रीस, इटली आणि जर्मनी असा फिरून 2012 मध्ये अमेरिकेतील पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये, एनबीएत, परतला आणि 2021 मध्ये मिलवॉकीच्या संघाकडून विजेता झाला. महिलांमध्ये तर कित्येक वर्षे मोठा पैसा परदेशातच होता. डब्ल्यूएनबीएची नामवंत खेळाडू डायना टॉरासी हिला तिच्या रशियन क्लबने 2015 चा अमेरिकेतील हंगाम न खेळता विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले होते. तिथलीच दुसरी खेळाडू ब्रिटनी ग्राइनर हिला फेब्रुवारी 2022 मध्ये रशियात अटक झाली, तेव्हा आमच्या मुलीचा पहिलाच हंगाम चालू होता, आणि आपण मुलीला कोणत्या देशाच्या कायद्याखाली पाठवत आहोत हा विचार त्या दिवसापासून आमच्या घरात पगाराच्या आधी होऊ लागला.

बहुतेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मर्यादित असतात, आणि या नियमाचा परिणाम नवख्यांच्या लवकर लक्षात येत नाही. ज्या अमेरिकी मुलींचे आजी-आजोबा इटलीचे किंवा पोलंडचे असतात, त्यांतील काहींना युरोपीय पासपोर्ट मिळतो आणि त्या परदेशी गणल्या जात नाहीत. आपल्या मुलांना ही सोय सहसा नसते, म्हणून ती नेहमी परदेशी जागेवरच खेळतात, आणि त्या जागेवरच्या खेळाडूने दर सामन्यात वीसच्या आसपास गुण करावेत अशी अपेक्षा असते. महाविद्यालयात उत्तम बचाव करून दहा गुण मिळवणारी मुलगी गुणी ठरते. इथे तिच्या जागी नाताळच्या सुट्टीनंतर दुसरी अमेरिकी मुलगी आलेली दिसते. तेव्हा आपल्या खेळाचे चित्रण पाठवताना केवळ निवडक बास्केट न जोडता दोन-तीन पूर्ण सामने जोडावेत, म्हणजे प्रशिक्षकाला खरोखर काय मिळणार आहे ते आधीच कळते.

खेळातले फरक छोटे असले तरी पहिले दोन महिने त्रास देतात. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमांत शॉट क्लॉक, म्हणजे बास्केटकडे चेंडू टाकण्यासाठी मिळणारा वेळ मोजणारे घड्याळ, 24 सेकंदांचे असते, महाविद्यालयात ते 30 चे होते. टाइम-आउट खेळाडूला मागता येत नाही, फक्त प्रशिक्षक मागू शकतो. आणि रिंगला लागलेला चेंडू वरून हाताने ढकलता येतो. अमेरिकी गार्डविरुद्ध पंचांच्या सर्वाधिक शिट्ट्या पहिल्या पावलासाठी वाजतात, कारण टेकू-पाय, म्हणजे जमिनीवर रोवून ठेवलेला पाय, उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलेला असावा लागतो. आमच्या मुलीने पहिल्या चार सामन्यांत याच चुकीमुळे इतके चेंडू गमावले की ती रोज सकाळी रिकाम्या शाळेच्या हॉलमध्ये एकटीच ते पाऊल घोटवत असे. सकाळी ती एकटी, कारण संघातील जर्मन मुली नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळत आणि सराव संध्याकाळी होई. पगाराचा आकडा चार अंकीही नव्हता. राहायला सामायिक घर, दोघींत एक मोटार, येण्याजाण्याचे तिकीट आणि त्या बदल्यात लहान मुलांना शिकवण्याची जबाबदारी, असा तो व्यवहार होता.

दुसऱ्या वर्षी दक्षिण युरोपातील एका क्लबने जवळजवळ दुप्पट पगार देऊ केला. डिसेंबरचा पगार आला नाही, जानेवारीचाही आला नाही, आणि फेब्रुवारीत घरमालकाने भाडे थकल्याचे तिलाच सांगितले. करार काढून पाहिला, तर वाद झाल्यास तेथील स्थानिक न्यायालयात जावे, असे एक वाक्य होते, आणि एजंटने ते नेहमीचेच आहे म्हणून आमच्याकडून सही घेतली होती. ते पैसे आम्हाला कधीच मिळाले नाहीत. या चुकीचे दुःख मला आजही आहे, कारण ती टाळण्याची सोय उपलब्ध होती. फिबाने 2007 मध्ये स्थापन केलेले बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरण, ज्याला सगळे बॅट म्हणतात, अशाच तंट्यांसाठी आहे. त्याचे स्थान जिनिव्हात असते, कामकाज इंग्रजीत चालते, लवाद एखाद्या देशाच्या कायद्याऐवजी न्याय्यतेच्या आधारे निर्णय देऊ शकतो, आणि निवाडा न पाळणाऱ्या क्लबवर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी येऊ शकते. परंतु हा मार्ग करारात तसे कलम लिहिलेले असेल तरच खुला होतो. म्हणून तिसऱ्या करारापासून आम्ही आधी तीन गोष्टी शोधू लागलो: पगाराची तारीख, तारीख टळल्यावर किती दिवसांनी सराव थांबवण्याचा आणि पुढे करार सोडण्याचा हक्क मिळतो ते, आणि बॅटचे कलम. वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण झाल्यावर दुखापत झाली तरी पगार चालू राहील, हेही स्पष्ट शब्दांत असावे. हे चारही मुद्दे असतील तर कमी पगाराचा करार मी निःसंकोच निवडीन.

एजंट फिबाचा परवानाधारक असावा. त्याचे शुल्क साधारणपणे पगाराच्या दहा टक्क्यांपर्यंत असते आणि ते बहुधा क्लब भरतो; जो खेळाडूकडूनच आगाऊ रक्कम मागतो, त्याच्यापासून दूर राहावे.

अनेक मित्र विचारतात की मुलगी भारताकडून का खेळत नाही. 2008 मध्ये घेतलेल्या सरकारी निर्णयामुळे परदेशी पासपोर्ट असलेल्यांना भारतीय संघात खेळता येत नसे, आणि तिच्या वेळी ती वाट बंद होती.

करांविषयी मात्र थोडे थांबून सांगतो. परदेशी करारातील पगार बहुधा निव्वळ असतो, म्हणजे तेथील कर क्लब भरतो, पण अमेरिकी नागरिकाला जगात कुठेही मिळालेले उत्पन्न अमेरिकेत दाखवावेच लागते. पात्रता असल्यास परदेशी उत्पन्नाची सवलत मिळते, तरी विवरणपत्र चुकत नाही, आणि परदेशी खात्यांत मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरहून अधिक रक्कम झाली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. क्लबने कर भरल्याचा दाखला हंगाम चालू असतानाच मागून ठेवावा, कारण जूनमध्ये कार्यालय बंद झाल्यावर फोन उचलणारे कोणी नसते. त्याबरोबर वैद्यकीय कागदपत्रे आणि करार संपल्याचे क्लबचे पत्रही विमानात बसण्याआधी हातात असावे. पुढच्या देशात नोंदणी करताना आधीच्या देशाच्या महासंघाकडून मोकळीक-पत्र लागते, आणि खेळाडू अजून करारात बांधलेला आहे असे कोणी म्हटले तर क्लबचे हे एक पानी पत्र दाखवता येते. आमच्या मुलीने तिसऱ्या हंगामाच्या शेवटी ते मागून घेतले होते, त्यामुळे चौथ्या क्लबची नोंदणी वेळेत झाली आणि तिचा पहिला सामना चुकला नाही.