ग्रँड टर्कला जहाज लागल्यावर काय करावं

पोरं अमेरिकेत असली की आईबापाला एकदा तरी क्रूझ घडवतातच. आमच्या सातारा-कोरेगाव भागातूनही आता बरेच जण जाऊन येतात, आणि परतल्यावर दाखवतात काय, तर जहाजावरच्या जेवणाचे फोटो! फ्लोरिडातून निघणाऱ्या कित्येक जहाजांच्या वाटेवर ग्रँड टर्क नावाचं एक बेट लागतं. तिथं उतरून काय करावं, एवढंच सांगतो. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, त्यामुळे सुरुवात वेळेपासून.

जहाज सुटायची वेळ वेगळी आणि प्रवाशांनी आत परतायची वेळ वेगळी. बहुधा अर्ध्या तासाचा फरक असतो. आपल्याला कामाची दुसरी. मोबाईल बेटाची वेळ आपोआप धरतो आणि जहाजाची वेळ कधी कधी तासभर मागेपुढे असते. म्हणून मनगटी घड्याळ जहाजावरच्या घड्याळाशी जुळवून घ्या आणि दिवसभर त्यावरच चाला. पळत येणाऱ्या प्रवाशासाठी मी स्टँडवर गाडी दोन मिनिटं धरून ठेवायचो. इथं तसं नाही. जहाजाकडूनच सहल घेतली असेल तर तुमच्यासाठी थांबतात, स्वतःहून फिरायला गेलात तर जहाज निघून जातं.

कागदपत्रांचं घरीच बघा. बेटावरून परत येणं म्हणजे अमेरिकेत नव्यानं प्रवेश, त्यामुळे तिथला व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. बेटाच्या व्हिसाचं क्रूझ कंपनीला लेखी विचारा. ‘आमच्या शेजाऱ्यांना लागला नव्हता’ यावर जाऊ नका.

जहाज थेट धक्क्याला लागतं, छोट्या होडीत उतरावं लागत नाही. गुडघेवाल्यांनी निश्चिंत असावं. हा धक्का २००६ साली सुरू झाला. बाहेर पडलं की पोहण्याचा तलाव, बार, दुकानं आणि कानठळ्या बसवणारं संगीत. आमची ही म्हणाली, “अहो, बेट कुठंय?” बेट पुढं आहे. बरीच माणसं या आवारातच दिवस काढतात, आणि म्हणूनच पुढं शांतता मिळते.

बेट लांबीला साधारण ११ किलोमीटर, रुंदीला जेमतेम अडीच. धक्का दक्षिण टोकाला, आणि कॉबर्न टाउन हे गाव तिथून ५ किलोमीटरवर. गाव म्हणतोय खरा, पण टर्क्स अँड कैकोस या ब्रिटिश प्रदेशाची ती राजधानी आहे. रोज सकाळी अजिंक्यतारा चढणाऱ्याला पाच किलोमीटर काहीच नाहीत, पण रस्त्याला सावली नाही. टॅक्सीच करा. बोलण्याची सुरुवात ‘किती घेणार’नं करू नका; आधी गुड मॉर्निंग, मग भाव. बेटावरची माणसं याबाबत काटेकोर आहेत आणि मला ते आवडलं. भाव माणशी की गाडीचा, जायचा की जाऊन-येऊन, हे बसण्याआधी स्पष्ट करून घ्या. चलन अमेरिकन डॉलरच आहे, सुट्ट्या नोटा ठेवा. गोल्फ कार्ट भाड्यानं मिळते. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात.

गावात वेळ द्या तो मिठागरांना. घरांच्या मागं, अगदी वस्तीच्या मधोमध उथळ पाण्याची खाचरं आहेत, त्यांना सलिना म्हणतात. सतराव्या शतकात बर्म्युडाहून लोक इथं मीठ काढायला यायला लागले. समुद्राचं पाणी खाचरात घ्यायचं, ऊन-वाऱ्यानं आटवायचं आणि उरलेलं मीठ दाताळ्यानं ओढायचं. उत्तर अमेरिकेत मासे खारवायला ते जायचं. ओढणारे गुलाम होते. मेरी प्रिन्स नावाची बाई त्यातलीच; पहाटेपासून गुडघाभर खारट पाण्यात उभं राहून पाय फोडांनी कसे भरायचे, ही तिची हकिकत १८३१ मध्ये लंडनला छापली गेली. विसाव्या शतकात धंदा बसला. आता बांधांचे दगड ढासळलेत, पाण्यात लांब पायांचे पक्षी चरत असतात. हिनं वाकून एका दगडावरचा पांढरा पापुद्रा नखानं खरवडला, जिभेला लावला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, “कडवट आहे.”

मिठाच्या गाड्या ओढणारी गाढवं होती, त्यांचीच पिलावळ आता गावभर मोकळी हिंडते. फ्रंट स्ट्रीटवरच्या जुन्या घरांना बुटक्या दगडी भिंती आहेत, त्या गाढवं बागेत शिरू नयेत म्हणून. फोटो खुशाल काढा, वेफर्स मात्र चारू नका. आणि मागून जाऊ नका, हे आपल्याला सांगायला नकोच.

त्याच रस्त्यावर राष्ट्रीय संग्रहालय आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बुडालेल्या एका जहाजाचे अवशेष तिथं आहेत. रविवार असेल तर उघडं आहे का ते टॅक्सीवाल्याला आधीच विचारा. उत्तर टोकाला १८५२ चं लोखंडी दीपगृह आहे, पण हाताशी चार-पाच तासच असतील तर ते सोडा. अमेरिकेचा अंतराळवीर जॉन ग्लेन १९६२ मध्ये पृथ्वीला तीन फेऱ्या मारून उतरला, त्याला चौकशी-तपासणीसाठी याच बेटावर आणलं होतं. त्याची माहिती धक्क्याजवळच मांडलेली आहे, ती परतताना बघून होते.

परतीच्या वाटेवर गव्हर्नर्स बीचवर उतरा. झाडांची सावली आहे आणि पाणी नितळ. पोहता येत नसेल तर गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नका. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर हिरवं पाणी एकदम गर्द निळं झालेलं दिसतं. तिथं समुद्राचा तळ कड्यासारखा तुटतो आणि खोली दोन हजार मीटरच्या घरात जाते. मोठे गुलाबी शंख दिसले तरी पिशवीत टाकू नका. ते संरक्षित आहेत, अमेरिकेत कस्टमला उत्तरं देत बसाल.

शाकाहाऱ्यांनी सकाळी जहाजावर पोटभर खाऊनच निघावं. बेटावर मासे आणि शंखातलं मांस हेच मुख्य, आणि भात-कडधान्यातही डुकराचं मांस घातलेलं असू शकतं, म्हणून विचारूनच खा. जहाजावरची फळं किंवा शिजवलेलं अन्न खाली नेऊ देत नाहीत. आम्ही भडंगाचं न फोडलेलं पाकीट नेलं होतं. पाण्याची बाटली आणि टोपी हवीच.

आणि कुठल्याही टॅक्सीला किंवा होडीला घरून आगाऊ पैसे भरू नका. वारा जोराचा असला तर कॅप्टन इथं जहाज लावतच नाही, आणि असं इथं बऱ्याचदा होतं. जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत मिळतात; परस्पर भरलेल्यांसाठी मग समोरच्याच्या मागं लागावं लागतं.