टाळूचं दुसरं-तिसरं ऑपरेशन आहे? मग लेकराला खरं सांगा

जन्मतःच ओठ किंवा टाळू (तोंडातला वरचा भाग) दुभंगलेल्या लेकरांना पहिली ऑपरेशनं आठवत नाहीत. ओठाचं 3 ते 6 महिन्यांत होतं, टाळूचं साधारण 9 ते 18 महिन्यांत. पण नंतरची, म्हणजे बोलणं नाकातून येतं म्हणून 4-6 वर्षांचं असताना करतात ते, टाळूला भोक राहिलं तर ते, किंवा 8-11 च्या सुमारास हिरडीतल्या फटीत कमरेचं थोडं हाड काढून भरतात ते, ही सगळी त्यांना चांगली कळतात आणि लक्षात राहतात.

आम्ही लेकीला 5 वर्षांची असताना मामाकडे चाललोय सांगून दवाखान्यात नेलं होतं. फार मोठी चूक झाली ती. नंतर कितीतरी महिने मामाचं नाव काढलं तरी ती पलंगाखाली जाऊन बसायची. म्हणून 9 व्या वर्षी हाड भरायचं ठरलं तेव्हा सगळं आधी सांगितलं.

लहान असेल तर 2-3 दिवस आधी सांगितलं तरी चालतं, मोठ्याला 2-3 आठवडे द्या कारण त्याला प्रश्न पडतात. "काही दुखणार नाही" असं अजिबात म्हणू नका. भूल देतात, झोपेत कळत नाही, उठल्यावर दुखेल पण सांगितलंस की औषध मिळेल, असं म्हणा. हाड भरायचं असेल तर कमरेलाही दुखेल, काही दिवस लंगडशील हे पण सांगा, नाहीतर तोंडाचं ऑपरेशन आणि दुखतंय कंबर म्हणून पोर घाबरतं. आणि "हे शेवटचं" असं वचन देऊ नका, जबड्याची वाढ झाल्यावर 16-18 नंतर नाकाचं किंवा जबड्याचं लागू शकतं.

घरी बाहुलीला मास्क लावून खेळा, आमच्या लेकीने तर आजीला पण भूल दिली. चमच्याऐवजी कपाने पेज, नाचणीचं सत्व, पातळ वरण प्यायची सवय आठवडाभर आधी लावा, कारण नंतर काही दिवस स्ट्रॉ बंद आणि चिवडा, चकली तर बरेच दिवस बंद.

किडलेले दात आधी दाखवून घ्या, हाड भरायचं तर हे फार महत्त्वाचं. जुन्या ऑपरेशनचे कागद एका फाइलीत ठेवा, भुलीचा आधी त्रास झाला असेल तर भूलतज्ज्ञांना आठवणीने सांगा. सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका. तारीख मिळालीय, रजा टाकलीय म्हणून लपवावंसं वाटतं, कळतं मला, पण भुलीत श्वासाचा त्रास होऊ शकतो. पुढची तारीख घ्या. उपाशी किती वेळ ठेवायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, सहसा जेवण 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. आजीलाही बजावून ठेवा, प्रेमापोटी बिस्किट दिलं जातं.

एक राहिलं. भेटायला येणारे अजूनही ग्रहणात भाजी चिरली होती का विचारतात, तेही लेकरासमोर. त्यांना तिथल्या तिथे थांबवा. आणि पोराला वेगळं बसवून सांगा की तू पोटात असताना टाळूचे दोन भाग जुळायचे राहिले, यात आईची चूक नाही आणि तुझी तर नाहीच. माझ्या लेकीने हे ऐकून विचारलं, "मग डॉक्टर ते आता जुळवणार ना?" मी म्हटलं हो, आणि त्या रात्री ती शांत झोपली.