विहिरींच्या नकाशाआधी लॅपटॉपची तयारी

शनिवारी यवतमाळ जिल्ह्यातल्या विहिरी नकाशावर चढवायला बसू, तेव्हा प्रत्येकाच्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे बनवायचं मोफत सॉफ्टवेअर, उघडलेलं हवं. ते बसवायची आज्ञा एका ओळीची आहे. वेळ जातो तो आधीच्या कामांत, म्हणून ती घरीच, नेट चांगलं असताना उरकून या. डिस्कवर चारपाच जीबी जागाही मोकळी ठेवा.

आधी आपलं लिनक्स नेमकं कोणतं ते पाहा. उबुंटू 22.04 चं सांकेतिक नाव जॅमी, 24.04 चं नोबल. मिंटवाल्यांनी (मिंट हे उबुंटूवर बेतलेलं लिनक्स) इथे जास्त लक्ष द्यावं. मिंट 22 स्वतःचं नाव विल्मा सांगतं, पण क्यूजीआयएसच्या भांडारात, म्हणजे जिथून सॉफ्टवेअर उतरतं त्या सर्व्हरवर, त्या नावाचा कप्पाच नाही, त्यामुळे अपडेट करताना ‘रिलीज फाइल नाही’ अशी तक्रार येते. ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘ओएस-रिलीज’ फाइलमध्ये ‘उबुंटू कोडनेम’ अशी ओळ असते, तिथलं नाव वापरा: मिंट 21 ला जॅमी, 22 ला नोबल.

उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातलं क्यूजीआयएस जुनं असतं, 22.04 मध्ये 3.22, 24.04 मध्ये 3.34. एकाने नव्यात जतन केलेला प्रकल्प दुसऱ्याच्या जुन्यात नीट उघडेलच असं नाही. म्हणून सगळ्यांनी क्यूजीआयएसच्या अधिकृत भांडारातली दीर्घकालीन, म्हणजे एलटीआर आवृत्तीच घ्यावी. त्यासाठी आधी त्यांची की-फाइल (भांडार खरं असल्याची खूण) उतरवून ‘कीरिंग्ज’ फोल्डरात ठेवावी लागते, नाहीतर अॅप्ट, म्हणजे उबुंटूत सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम, त्या भांडारावर विश्वास ठेवत नाही. पूर्वी कधी उबुंटूजीआयएसचं (नकाशांच्या सॉफ्टवेअरचं वेगळं) भांडार जोडलं असेल तर ते काढा. दोन्हीकडची जीडॅल, म्हणजे नकाशाच्या फाइली वाचणारी लायब्ररी, एकमेकांशी जुळत नाही. पायथनसाठी अॅनाकोंडा वापरत असाल तर ते बंद करून मगच क्यूजीआयएस सुरू करा. आधीपासून क्यूजीआयएस असेल तर प्रोफाइल फोल्डरची प्रत काढून ठेवा, तुमचे प्लगइन आणि सेटिंग्ज त्यातच आहेत.

आता मराठीचं. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित फाँट बसवा आणि एका बिंदूला ‘विहीर’ असं लेबल देऊन पाहा, वेलांटी जागेवर बसते का ते. माहिती शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल-प्रकारात ठेवू नका, हे मी आग्रहाने सांगतो. तिच्या रकान्याच्या नावाला फक्त 10 बाइट मिळतात. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एक चिन्ह 3 बाइट खातं. ‘विहीर’ला मात्रा धरून 15 लागतात, म्हणजे नाव मधेच तुटतं. त्याऐवजी जिओपॅकेज हा नवा फाइल-प्रकार घ्या, मराठी नावं पूर्ण राहतात, शिवाय सगळं एकाच फाइलीत मावतं.

मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश ईपीएसजी 4326 या अंशांत मोजणाऱ्या निर्देशांक-पद्धतीत असतात. तशाच थरावर (नकाशावरच्या विहिरींच्या लेयरवर) विहिरीभोवती 500 मीटरचं वर्तुळ काढायला गेलात तर एकक अंश दिसेल. मीटरसाठी थर यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे उभे विभाग पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, न्यावा लागतो, आणि विभाग 43 व 44 यांची सीमा असलेला 78 अंश पूर्व रेखांश नेमका आपल्या जिल्ह्यातून जातो. पुसद, दिग्रस, दारव्हा विभाग 43 मध्ये (ईपीएसजी 32643), तर यवतमाळ शहर, पांढरकवडा, वणी 44 मध्ये (32644). आपलं गाव कुठल्या बाजूला ते घरीच पाहून वहीत लिहून आणा.

काही अडलं तर टर्मिनलवरचा पूर्ण संदेश, अगदी पहिल्या ओळीपासून, जपून ठेवा आणि शनिवारी अर्धा तास आधी या.