व्यक्तिमत्त्व विकारावरची थेरपी लागू पडतेय का, हे कसं तपासायचं

स्वभावाला औषध नाही, तेव्हा व्यक्तिमत्त्व विकारावर थेरपीत पैसे घालू नयेत, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. पुरावा तसं सांगत नाही. कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०२० च्या आढाव्यात बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारावरच्या (भावना, नाती आणि स्वतःची प्रतिमा सतत टोकं गाठते, आवेगात इजा होते, तो प्रकार) ७५ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. त्यात साडेचार हजारांहून अधिक रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांपेक्षा मानसोपचाराने लक्षणांची तीव्रता मध्यम प्रमाणात जास्त कमी झाली. मात्र उपचार संपल्यानंतर हा फायदा किती टिकतो, याबद्दलचा पुरावा तितका भक्कम नाही. आणि हा सगळा पुरावा मुख्यतः बॉर्डरलाइनचा आहे. टाळाटाळ करणाऱ्या, परावलंबी किंवा अतिकाटेकोर व्यक्तिमत्त्वांसाठी स्कीमा थेरपीची (लहानपणापासून घट्ट बसलेले विचार-भावनांचे साचे बदलणारी पद्धत) नेदरलँड्समधली २०१४ सालची ३२३ जणांची चाचणी चांगली आहे. समाजविघातक प्रकारासाठी मात्र हाती फारसं काही नाही, आणि तिथे ठाम आश्वासन देणाऱ्यापासून जपून राहावं.

थेरपिस्ट निवडताना

पद्धतीच्या नावावर फार अडू नका. कॅनडात १८० रुग्णांवर वर्षभर दोन उपचारांची तुलना झाली. एका गटाला डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी; यात तीव्र भावना आणि ताण सांभाळण्याची कौशल्यं शिकवतात. दुसऱ्याला नीट आखलेला सर्वसाधारण मानसोपचार. सुधारणा दोन्ही गटांत जवळपास सारखीच झाली. दुसऱ्या गटातही ठरलेला आराखडा होता, दर आठवड्याला सेशन होतं आणि थेरपिस्ट या विकाराचे जाणकार होते. म्हणून पहिल्या भेटीत एवढं विचारून घ्या:

- कोणत्या पद्धतीने काम करणार, आणि तिचं प्रशिक्षण कुठे घेतलं?
- किती महिने, आठवड्यातून किती वेळा?
- दोन सेशनच्या मधे फोन चालेल का, किती वाजेपर्यंत?
- जीव द्यावासा वाटला तर नेमकं काय करायचं?
- तुम्ही अडलात तर कोणाशी चर्चा करता?

शेवटचा प्रश्न आगाऊ वाटेल, पण तो विचाराच. या कामात थेरपिस्टही दमतो, चिडतो, भरकटतो. डीबीटीत थेरपिस्टांची साप्ताहिक बैठक उपचाराचाच भाग मानली जाते, ती यासाठी. ‘बघू कसं जमतंय’ एवढंच उत्तर मिळालं, तर दुसरीकडे चौकशी करा.

मुदतीचा अंदाजही असू द्या. पूर्ण डीबीटी साधारण वर्षभर चालते: आठवड्याला एक वैयक्तिक सेशन आणि दोन-अडीच तासांचा कौशल्यांचा गट. मेंटलायझेशनवर, म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्यावर, आधारित थेरपीला बहुधा १२ ते १८ महिने लागतात. बॉर्डरलाइनसाठी स्कीमा थेरपी दीड ते तीन वर्षंही चालते. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बॉर्डरलाइनसाठी तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीची थेरपी वापरू नये. सहा सेशनचं पॅकेज कोणी देत असेल, तर ते ओळखीपुरतं समजा.

पहिला महिना: मोजता येईल असं लिहा

‘राग कमी व्हावा’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘भांडण झालं की घर सोडून निघून जाणं महिन्यात सहा वेळा होतं, ते दोनवर आणायचं’ हे मोजता येतं. अशी तीन-चार उद्दिष्टं पुरेत. क्रम मात्र ठरलेला: आधी जिवाला धोका देणारं वर्तन, मग थेरपीच मोडणारं वर्तन (उशिरा येणं, सेशन बुडवणं, माहिती दडवणं), त्यानंतर नोकरी, पैसा, नाती.

याच महिन्यात संकटाच्या वेळची योजना कागदावर उतरवा. धोक्याची सुरुवात कशी ओळखायची, स्वतः करायच्या दोन-तीन गोष्टी, फोन करायची माणसं, तातडीच्या सेवेचा क्रमांक, आणि घरातून कोणती साधनं हलवायची. साधनं आधीच हलवलेली असावीत, कारण तीव्र ऊर्मी अनेकदा काही मिनिटांत ओसरते आणि तेवढा वेळ हाताशी काही नसणं जीव वाचवतं.

रोज रात्री पाच मिनिटं नोंदवही लिहा. दुःख, राग, लाज, स्वतःला इजा करण्याची ऊर्मी यांना ० ते ५ गुण; तसं प्रत्यक्ष केलं का; कोणतं कौशल्य वापरलं; झोप आणि नशा. अनेक जण आठवड्याची नोंद सेशनच्या आदल्या तासाला एकदम भरतात. ती निरुपयोगी ठरते, कारण त्या क्षणीचा मूड मागच्या सातही दिवसांना आपला रंग देतो.

सेशनमध्ये या नोंदीतला एकच प्रसंग घेऊन त्याची साखळी उलगडावी: आधी झोप किंवा जेवण बिघडलं होतं का, ठिणगी कशाची पडली, मग कोणता विचार, शरीरात काय झालं, काय केलं, आणि त्यानंतर लगेच काय मिळालं. हे शेवटचं बहुतेक वेळा सुटतं. इजा केल्यावर ताण उतरत असेल किंवा दूर गेलेलं माणूस परत येत असेल, तर ते वर्तन का टिकलंय ते तिथेच कळतं. आठवड्याची हकिगत ऐकवण्यातच पाऊण तास संपत असेल, तर ती मन मोकळं करण्याची जागा झाली. उपचार पुढे सरकत नाही.

कधी आणि काय तपासायचं

तीन महिन्यांनी हजेरी आणि नोंदवही पाहा. सहा महिन्यांनी इजा, तातडीचे फोन, रुग्णालयाच्या फेऱ्या यांचे आकडे सुरुवातीच्या आकड्यांशेजारी ठेवा. काहीच हललं नसेल तर पद्धत, निदान किंवा वारंवारता बदलण्याची चर्चा उघडपणे करा. बायपोलर आजार, आघातानंतरचा ताण विकार, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) आणि व्यसन यांपैकी काही नजरेतून सुटलंय का, तेही तेव्हाच तपासून घ्या.

पोकळपणा आणि एकटेपणा मात्र उशिरा हटतो. आवेगी वर्तन आधी ओसरतं. अमेरिकेत मेरी झनारिनी यांच्या गटाने बॉर्डरलाइनच्या २९० रुग्णांचा दहा वर्षं मागोवा घेतला. ९३ टक्के लोकांची लक्षणं निदान दोन वर्षं ओसरलेली राहिली, पण सोबत काम आणि नाती दोन्ही सावरलेले निम्मेच होते. श्रेय एकट्या थेरपीला देता येणार नाही. तरी पुढच्या टप्प्यात नोकरी आणि मैत्री हीच उद्दिष्टं हवीत, हे यातून दिसतं.

कुठे फिसकटतं

सुमारे चौथा हिस्सा रुग्ण थेरपी मधेच सोडतात. एक कारण म्हणजे थेरपिस्टवर आलेला राग. कालपर्यंत देवमाणूस, आज बेपर्वा. म्हणून सुरुवातीलाच करार करा: सोडायचं ठरलं तरी मेसेजवर नाही; एकदा समोर बसून बोलायचं आणि मगच. हेच भांडण घरीदारी होत असतं, त्यामुळे ते सेशनमध्ये मिटवणं हा सगळ्यात मोलाचा सराव असतो.

दुसरी चूक थेरपिस्टची. दयेपोटी मध्यरात्रीचे फोन, जादा सेशन, फी माफ, आणि काही महिन्यांनी थकून अचानक हात वर. मर्यादा पहिल्यापासून थोड्या पण पक्क्या असलेल्या बऱ्या.

औषधांबद्दल ‘नाइस’चं म्हणणं असं की बॉर्डरलाइन विकारासाठी म्हणून ती देऊ नयेत, नैराश्यासारखा जोडीचा आजार असेल तर त्यासाठी द्यावीत. चालू गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, मानसोपचारतज्ज्ञांना विचारून कमी करा.

थेरपी संपवण्याची बोलणी शेवटच्या तीन-चार महिन्यांत सुरू करा. या काळात जुनी लक्षणं डोकं वर काढतात. त्याचा अर्थ उपचार फसला असा नव्हे. सेशन आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग महिन्यावर न्या, आणि शेवटच्या दिवशी तीन महिन्यांनंतरच्या भेटीची तारीख ठरवूनच बाहेर पडा.