मुलांसाठी रहस्यकादंबरी लिहिताय? गावातली नायिका असेल तर या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दाराआडून ऐकणं. अकरा वर्षांची नायिका पाणी प्यायला उठते, आजोबा आणि काका नेमके तेव्हाच पंचवीस वर्षांपूर्वीचं सगळं बोलून टाकतात. मग पोरीनं केलं काय?

गुपित तिच्या हाती लागेल अशा वस्तूत लपवा. विदर्भातल्या शेतकरी घरात ती वस्तू म्हणजे लोखंडी पेटीतला जुना सातबारा. त्यात नाव कमी झालं की त्याला कंस व्हायचा आणि शेजारी फेरफाराचा, म्हणजे मालकीतल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक यायचा. नायिकेला आत्याचं नाव कंसात दिसू द्या. आत्या दिवाळीला माहेरी का येत नाही, हे पहिल्या प्रकरणात कुणी बोलायचं नाही. फक्त तिचं ताट वाढलेलं नसावं. पुढं आत्याची शाळेची वही सापडते, अक्षर मोत्यासारखं. आणि जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदावर, हक्कसोडपत्रावर, सहीच्या जागी अंगठा! इथं वाचक स्वतःच उडी मारतो. तुम्ही समजावू नका.

कथा मधेच ढेपाळते? बहुधा नायिकेला दुसऱ्यांच्या घरात शिरायला निमित्त नसतं. तान्हा पोळा वापरा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन पोरं घरोघर बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरतात. त्या दिवशी ज्या घराशी अबोला आहे तिथंही तिला कुणी अडवत नाही. मे महिन्यात भरदुपारी तिला शेतात पाठलाग करायला मात्र लावू नका. पारा ४५ ला टेकलेला असताना कुणाची माय पोरीला घराबाहेर सोडेल?

जुना वाडा हवाच असेल तर जिल्हा बघून बांधा. मालगुजारी, म्हणजे गावाचा शेतसारा मालगुजारानं गोळा करून सरकारला भरायची जुनी पद्धत, ही नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) या भागातली. वऱ्हाडात रयतवारी होती, शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा. वऱ्हाडातल्या यवतमाळच्या गावात मालगुजाराचा वाडा आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव दाखवलात, की तिथला वाचक पुस्तक मिटतो.

बोलीचं तर विचारूच नका. गडी ‘मले, तुले, कायले’ म्हणतो आणि त्याच गावात वाढलेली नायिका पुस्तकी मराठी बोलते, हे मला अपमानास्पद वाटतं. वऱ्हाडी तिच्याच तोंडी द्या, निवेदन प्रमाण मराठीत चालेल. भंडाऱ्याकडे झाडीबोली आहे, ती वेगळी.

शेवटी नागपूरहून मामा किंवा ठाणेदार येऊन उलगडा करत असेल, तर ते प्रकरण फाडा. कागद आत्यापर्यंत मुलीनंच पोचवायचा. आजोबांचं काय करायचं ते मग मोठे ठरवतील.

खर्डा पाचवी-सहावीच्या काही मुलांना शेवटची दोन प्रकरणं काढून वाचायला द्या. सगळ्यांनी अचूक ओळखलं तर अंगठ्याचा प्रसंग पुढं ढकला. एकालाही जमलं नाही, तर वही आधी आणा.