लिनक्सवर जुना विंडोज प्रोग्राम: वाइनने जमवलं

आमच्याकडे पत्रिका छापण्याचा एक जुना ३२-बिट विंडोज प्रोग्राम आहे. नव्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे, म्हणून तो प्रोग्राम वाइनमधून चालवला. वाइन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर. वाइन अख्खं विंडोज उभं करत नाही. प्रोग्राम विंडोजकडे ज्या मागण्या करतो, त्या ते लिनक्सला कळतील अशा करून देतं. त्यामुळे मशीन जड होत नाही. १९९३ पासून हे काम चालू आहे, तेही फुकट!

प्रोग्राम उघडला, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला. फाइल बिघडलेली नव्हती. मजकूर युनिकोडच्या (अक्षरं साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये होता आणि तो फॉन्ट वाइनला सापडत नव्हता. होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेलं वाइनचं फोल्डर उघडलं. त्यातल्या सी ड्राइव्हमध्ये विंडोज, मग फॉन्ट्स. तिथे जुन्या संगणकावरची फॉन्टची फाइल टाकली. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला, तर मजकूर जागच्या जागी.

अक्षरं मात्र मुंगीएवढी. वाइनच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली डीपीआय (पडद्यावर अक्षरं किती मोठी दिसावीत ते ठरवणारा आकडा) ९६ होता, तो १४४ केला. खिडक्या जरा बेढब दिसतात, पण चष्मा न लावता वाचता येतं. अशा जुन्या प्रोग्रामसाठी वाइनचं वेगळं फोल्डर केलेलं बरं. एकाच्या सेटिंगमुळे दुसरा रुसत नाही.